कार्बनच्या सायकलला अ‍ॅल्युमिनियमची चाकं

कार्बन फ्रेमची रोडबाइक घेतली की वर्षाच्या आत ग्रुपमधलं कुणीतरी विचारतंच, "मग, व्हील्स कधी अपग्रेड करतोयस?" विचारणाऱ्याच्या सायकलला बहुधा पन्नास मिलिमीटर उंचीच्या काळ्या कार्बनच्या रिम असतात आणि वेग घेतला की त्या चाकांचा घुमणारा आवाज मागच्याला हेवा वाटावा असा असतो. प्रश्न अगदीच अनाठायी नाही. दीड-दोन लाखांची कार्बनची सायकल तयार करताना कंपनी फ्रेमवर आणि गिअरवर खर्च करते, कारण गिऱ्हाईक दुकानात तेवढंच विचारतं. चाकांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला जातो. त्यामुळे अशा सायकलींवर येणारी चाकांची जोडी बहुतेक वेळा १९०० ते २१०० ग्रॅमची, सायकलच्याच ब्रँडचं स्टिकर मिरवणारी असते आणि तिच्यात हब कुठलं आहे, हे माहितीपत्रकात शोधूनही सापडत नाही.

ही चाकं बदलावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण तिथून थेट कार्बनच्या चाकांवर जायचं कारण नाही. आपले रस्ते, आपला पावसाळा आणि आपल्यापैकी बहुतेकांचा वेग पाहता कार्बनच्या फ्रेमला अ‍ॅल्युमिनियमची चांगली चाकं लावावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे वाचतात हा एक भाग झाला. पैसे असते तरी मी रोजच्या सायकलीसाठी हेच सांगितलं असतं. चांगली चाकं कशाला म्हणायचं, हा प्रश्न उरतो आणि खोक्यावर छापलेला ग्रॅमचा आकडा त्याचं पूर्ण उत्तर देत नाही.

आधी त्या ग्रॅमचाच निकाल लावू. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या असं सगळं मिळून ८० किलो वजन आहे असं धरा. नव्या चाकांमुळे ४०० ग्रॅम कमी झाले. हे एकूण वजनाच्या अर्धा टक्का झाले. एखादा घाट चढायला तुम्हाला तास लागत असेल आणि सगळी ताकद गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जातेय असं मानलं, तर अर्धा टक्का म्हणजे १८ सेकंद. प्रत्यक्षात थोडी ताकद हवेत आणि टायरच्या घर्षणातही जाते, म्हणजे फायदा त्याहून थोडा कमीच. शर्यतीत उतरणाऱ्यासाठी १८ सेकंद पुष्कळ असतात. रविवारी सकाळी सिंहगडावर जाऊन भजी आणि दही खाणाऱ्याला त्यातून काय मिळणार?

"पण फिरणारं वजन दुप्पट मोजायचं असतं," हे वाक्य इथे हटकून येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. रिमवरचा एक ग्रॅम सायकलबरोबर पुढे जातो आणि त्याच वेळी गोलही फिरतो; त्यामुळे वेग वाढवताना त्याला जवळजवळ दुप्पट ऊर्जा द्यावी लागते. म्हणजे सिग्नलवरून निघताना किंवा स्प्रिंट मारताना ते ४०० ग्रॅम ८०० ग्रॅमसारखे वागतात. तेही ८० किलोतले ८०० ग्रॅम, म्हणजे एक टक्का. वेग स्थिर झाला की हा हिशेब संपतो आणि घाट आपण बहुतांशी स्थिर वेगानेच चढत असतो. हबमधलं वजन तर आसाच्या इतकं जवळ असतं की त्याच्या फिरण्याचा काहीच भार जाणवत नाही. म्हणून दोन जोड्यांचं वजन सारखं असेल, तर ज्या जोडीचं हब दणकट आणि रिम हलकी, ती बरी.

हवेचं म्हणाल, तर सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या पुढे बहुतेक ताकद हवेशी झुंजण्यात जाते, हे खरं. त्यातला मोठा वाटा मात्र तुमच्या अंगाचा असतो. उंच रिममुळे वाचणारे वॅट मोजके असतात आणि ते चाळीसच्या वेगाला जसे दिसतात तसे सत्तावीसच्या वेगाला दिसत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची रिम फार उंच करता येत नाही, वजन वाढत जातं. म्हणून ती साधारण २२ ते ३० मिलिमीटरवर थांबते. कोकणात उतरताना दरीतून येणाऱ्या आडव्या वाऱ्यात हे ठेंगणेपण पथ्यावरच पडतं.

वॅटच वाचवायचे असतील तर टायरकडे बघा. सायकलीबरोबर आलेला तारेच्या कडेचा जाड टायर काढून चांगला रेसिंग टायर लावला, की दोन्ही चाकं मिळून दहा-पंधरा वॅट सहज सुटतात. एवढा फायदा या किमतीत कुठलंच चाक देत नाही. म्हणून ज्याचं बजेट अगदीच आखडलेलं आहे त्याने यंदा टायर घ्यावेत आणि हा लेख पुढच्या वर्षी वाचावा.

सायकलच्या रिमला अ‍ॅल्युमिनियम मिळालं ते १९३० च्या दशकात. तोवर शर्यतीच्या रिम लाकडाच्या असत. १९३४ च्या टूर द फ्रान्समध्ये आंतोनँ मान्य या फ्रेंच सायकलपटूने मॅव्हिक कंपनीच्या ड्युरॅल्युमिनच्या रिम वापरल्या आणि कुणाला कळू नये म्हणून त्या लाकडासारख्या रंगवून घेतल्या होत्या, अशी नोंद सायकलिंगच्या इतिहासात आहे. तो ती शर्यत जिंकला. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगातल्या बहुतेक मोठ्या शर्यती याच धातूच्या रिमवर जिंकल्या गेल्या.

रिम करण्याची पद्धत आजही फारशी बदललेली नाही. तापवलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यातून दाबून त्याची लांबच लांब पोकळ पट्टी काढतात, ती गोल वळवतात, दोन टोकं खुंटी किंवा तुकडा घालून जुळवतात किंवा वेल्ड करतात, आणि मग भोकं पाडतात. चांगल्या रिमचं वजन साधारण ४५० ते ५०० ग्रॅम भरतं. खड्ड्यात आदळली तर ती वाकते. वाकलेली कडा थोडीफार सरळ करून घरी येता येतं. ट्यूबलेस असेल तर ट्यूब टाकून. कार्बनची रिम वाकत नाही, तडकते, आणि तडा किती आत गेलाय हे डोळ्यांना दिसत नाही. पुण्याहून सातारच्या दिशेने जाताना पुलांच्या जोडांवर चाक कसं आपटतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

रिमब्रेकच्या सायकलींना तर प्रश्नच नाही. ओल्या कार्बनवर ब्रेकचं रबर नीट धरत नाही आणि लांब उतारावर सतत ब्रेक लावला तर उष्णता तिथेच साचून राहते, कारण कार्बनमधल्या रेझिनला उष्णता वाहून नेता येत नाही. अ‍ॅल्युमिनियम ती पटकन पसरवतं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना, तेही जुलैत, मी रिमब्रेकला कार्बनची रिम कुणालाही सुचवणार नाही. अ‍ॅल्युमिनियमची रिम मात्र ब्रेकने झिजते. पावसात रस्त्यावरची बारीक खडी ब्रेकच्या रबरात रुतते आणि ते रबर पॉलिशपेपरसारखं रिमला घासत राहतं. ब्रेकच्या पट्ट्यावर एक बारीक खाच किंवा टाचणीच्या टोकाएवढा खळगा असतो. तो पुसला गेला किंवा बोट फिरवल्यावर पट्टा खोलगट लागला, की रिमचं आयुष्य संपलं. त्यानंतर हवेच्या दाबाने कड फाटू शकते. जुनी रिमब्रेकची चाकं विकत घेताना सगळ्यांत आधी हे बघा.

रिमची आतली रुंदी हा आकडा आज वजनापेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय. पंधरा वर्षांपूर्वी रोडच्या रिमची आतली रुंदी १३ ते १५ मिलिमीटर असे आणि त्यावर २३ चा टायर ११०-१२० पीएसआय हवा भरून दगडासारखा कडक करत. आता १९ ते २१ मिलिमीटरची रिम आणि २८ किंवा ३० चा टायर हे नेहमीचं झालंय. रुंद रिमवर टायर नीट पसरून बसतो आणि कमी हवेत चालतो. ७०-७५ किलोच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. हाताला मुंग्या येणं कमी होतं ते यामुळे. त्याचं श्रेय उगाच कार्बनच्या फ्रेमला दिलं जातं.

इथे फ्रेमशी गाठ पडते. आतली रुंदी २ मिलिमीटरने वाढली की तोच टायर साधारण पाऊण ते एक मिलिमीटरने फुगतो. म्हणजे तुमच्या जुन्या चाकावर २८ दिसणारा टायर नव्या चाकावर २९-३० होऊ शकतो. काही वर्षं जुन्या कार्बनच्या फ्रेममध्ये २५ किंवा २८ च्या पुढे जागाच नसते. टायर आणि फ्रेम यांच्यात सगळीकडून चार-एक मिलिमीटर मोकळे राहायला हवेत. धातूच्या फ्रेमला टायर घासला तर रंग जातो. कार्बनच्या चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकालगतच्या नळीला, चिखल लागलेला टायर तासभर घासत राहिला तर तो फ्रेम खातो. चाकं मागवायच्या आधी फ्रेमच्या कंपनीने कमाल किती रुंद टायर सांगितलाय ते वाचा आणि मग जुन्या चाकावर फूटपट्टी न धरता व्हर्नियर कॅलिपर धरा.

टायर अडकवण्यासाठी रिमच्या कडेला आतून एक बारीक आकडी असते. काही नव्या रिममध्ये ही आकडी नसते, त्यांना हुकलेस म्हणतात. कार्बनच्या रिम साच्यात बनवताना आकडी टाळली की खर्च कमी होतो, हे त्यामागचं एक मोठं कारण. रोडच्या हुकलेस रिममध्ये ५ बारपेक्षा, म्हणजे साधारण ७२ पीएसआयपेक्षा जास्त हवा भरायची नसते आणि त्यावर कंपनीने मान्य केलेलेच टायर लावायचे असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत यूएई टूरमध्ये बेल्जियमच्या थॉमस द गेन्टचा टायर अशा रिमवरून निघाला आणि तो पडला. दगडावर आदळल्याने तसं झालं असं सांगितलं गेलं, पण हुकलेसच्या सुरक्षिततेवर वाद पेटला तो तेव्हापासून. अ‍ॅल्युमिनियमच्या बहुतेक रिमला आकडी असते, त्यामुळे या भानगडीत पडावंच लागत नाही. वजनदार स्वाराला ८० पीएसआय भरायचे असतील तर तो भरू शकतो, पंपाचा काटा दोन-चार पीएसआय इकडेतिकडे दाखवत असला तरी जीव टांगणीला लागत नाही.

ट्यूबलेस चालेल अशी रिम मात्र जरूर घ्या, आज ट्यूबच वापरणार असलात तरी. देशावरच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रकटायरच्या बारीक तारा यांच्यावर सीलंटसारखा उपाय नाही. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी त्यात भर घालावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

आता चाकाच्या मुख्य गोष्टीकडे येतो, जिच्याकडे दुकानात सगळ्यांत कमी लक्ष जातं: तारा. १८६९ मध्ये पॅरिसच्या युजेन मेयरने ताणलेल्या तारांचं चाक बनवलं आणि १८७४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीने हबला स्पर्शरेषेत जाणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या तारांचं पेटंट घेतलं. आपली चाकं अजून त्याच तत्त्वावर उभी आहेत. दोन मिलिमीटर जाडीची तार दाबली तर लगेच वाकते. पण सगळ्या तारा आधीच घट्ट ताणून ठेवल्या, की चाक जमिनीवरचं वजन पेलू शकतं. वजन पडलं की खालच्या दोन-चार तारांचा ताण थोडा कमी होतो. बाकीच्या तारांना फारसा पत्ताही लागत नाही. तार पुरेशी ताणलेली असेल तर खाली येऊनही ती सैल पडत नाही. ताण मुळातच कमी असेल, तर प्रत्येक फेरीला ती ढिली पडते आणि पुन्हा ताणली जाते.

२८ च्या टायरच्या चाकाचा परीघ सुमारे २.१४ मीटर. शंभर किलोमीटरच्या राइडमध्ये चाक जवळजवळ ४७ हजार वेळा फिरतं. म्हणजे ढिल्या चाकातली प्रत्येक तार एका सकाळीत ४७ हजार वेळा वाकते-ताणली जाते आणि एक दिवस हबजवळच्या कोपरात तुटते. लोक म्हणतात, "वजन जास्त आहे म्हणून तार तुटली." बहुतेक वेळा तार तुटते ती चाक नीट ताणलेलं नसतं म्हणून. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकी इंजिनिअरने १९८१ मध्ये सायकलच्या चाकावर अख्खं पुस्तक लिहून हे गणितानिशी दाखवलं. मागच्या चाकाच्या चेनकडच्या तारांमध्ये साधारण १०० ते १२० किलोइतका ताण असतो. कॅसेटला जागा करून देण्यासाठी चेनकडच्या तारा जवळजवळ उभ्या आणि पलीकडच्या तिरक्या लावाव्या लागतात, म्हणून पलीकडे ताण त्याच्या जेमतेम निम्म्याने भरतो. कुरबुर सुरू होते ती याच बाजूने.

तारांची जाडी हा एक गमतीचा भाग आहे. मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड अशी बटेड तार साध्या सरळ तारेपेक्षा जास्त टिकते. बारीक भाग थोडा ताणला जातो, धक्का तो खातो आणि कोपर वाचतं. सॅपिम, डीटी या कंपन्यांच्या २.०-१.८-२.० जाडीच्या तारा मिळाल्या तर आणखी काही नको. चपट्या तारा हवेला थोड्या बऱ्या, खिशाला जड.

तारा किती असाव्यात? सत्तर किलोच्या आतल्या माणसाला पुढे-मागे २४ पुरतात. ऐंशीच्या पुढे २८ घ्याव्यात, आणि लाजायचं काही कारण नाही. याला आणखी एक बाजू आहे. बीआरएम या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात आणि वाटेतली दुरुस्ती स्वतः करायची असते. पुण्याहून गोव्यापर्यंतच्या डेक्कन क्लिफहँगरसारख्या स्पर्धेत तर सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर एका दमात कापायचं. अशा वेळी रात्री एक तार तुटली, तर २८ तारांचं चाक थोडं डगमगत घरी आणतं. वीस तारांचं चाक इतकं वाकडं होतं की टायर थेट चेनस्टेला लागतो. कार्बनच्या फ्रेमचं नुकसान कसं होतं ते वर आलंच आहे.

तार रिमला धरून ठेवणारी निपल पितळेची मागा. अ‍ॅल्युमिनियमच्या निपलमुळे दोन्ही चाकं मिळून तीस-पस्तीस ग्रॅम वाचतात, पण मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि घामात ती स्टीलच्या तारेला चिकटून बसतात. दोन पावसाळ्यांनंतर चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला गेलात तर चावी फिरवताच निपलचा चुरा हातात येतो.

तारांचा प्रकारही विचारून घ्या. काही नामांकित चाकांना त्या कंपनीच्याच तारा लागतात. मॅव्हिकच्या काही क्सिरियम चाकांमध्ये जाड अ‍ॅल्युमिनियमच्या तारा असतात. कॅम्पॅग्नोलोच्या झोंडाच्या रिमला बाहेरच्या बाजूने भोकंच नसतात. निपल आत सोडून चुंबकाने ओढत जागेवर आणावी लागते. चाक म्हणून झोंडा झकास आहे, दीड किलोच्या आसपासचं, वर्षानुवर्षं टिकणारं. रिमब्रेकवाल्यांना अजूनही ते डोळे झाकून सांगावं असं. पण कोल्हापूरला तार तुटली तर तिथल्या दुकानात ती मिळणार नाही. मॅव्हिकसारखी १८८९ पासूनची कंपनीदेखील २०२० मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली आणि तिचा मालक बदलला. कोपर असलेली साधी तार, बाहेरून निपल, हे जुनं वाटलं तरी कुठेही दुरुस्त होतं.

हबचं काम दोन भागांचं: नीट फिरायचं आणि पायडल मारल्यावर लगेच धरायचं. शिमानोच्या हबमध्ये सुट्या बॉल आणि कोन असतात. वर्षातून एकदा उघडून, ग्रीस भरून, कोन नीट बसवला तर ती वर्षानुवर्षं चालतात, न उघडता पावसात चालवली तर त्यांची वाटी खराब होते आणि मग हबच जातं. दुसऱ्या प्रकारात सीलबंद बेअरिंग असतं. त्यावर ६९०२ किंवा ६८०३ असा आकडा असतो, आणि तो आकडा सांगितला की कुठल्याही औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात ते मिळतं, सायकलच्या दुकानाचं तोंडही बघावं लागत नाही. ज्याच्या शहरात चांगला मेकॅनिक नाही त्याने हाच प्रकार घ्यावा.

धरण्याच्या बाबतीत डीटी स्विसच्या ३५० हबला माझं झुकतं माप आहे. त्यात छोटे खटके नाहीत, दात असलेल्या दोन चकत्या समोरासमोर स्प्रिंगने दाबलेल्या असतात. टोपण हाताने ओढलं की ते उघडतं, पुसून, थोडं ग्रीस लावून परत बसवायचं. पावसाळ्यातल्या राइडनंतर घरच्या ओट्यावर हे काम दहा मिनिटांत होतं. तैवानची बिटेक्स आणि नोव्हाटेक ही हब त्याहून स्वस्त आणि कामाला चोख आहेत. कॅसेट जिच्यावर बसते ती फ्रीहबची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॅसेटचे सुटे कॉग तिच्यात रुततात. त्यासाठी काही कंपन्या कडेला स्टीलची पट्टी देतात. शिमानोच्या स्टीलच्या बॉडीला हा त्रास नाही.

आपल्या सायकलला काय बसतं हे बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, कारण इथली चूक परत पाठवण्याच्या खर्चात महागात जाते. डिस्कब्रेकच्या बहुतेक रोडबाइकला पुढे १२ बाय १०० आणि मागे १२ बाय १४२ मिलिमीटरचा थ्रू अ‍ॅक्सल असतो. रिमब्रेकला क्विक रिलीज, पुढे १०० आणि मागे १३०. डिस्कची चकती बसवण्याच्या दोन पद्धती आहेत: सेंटरलॉक आणि सहा स्क्रू. सेंटरलॉक हबवर अ‍ॅडॅप्टरने सहा स्क्रूची चकती बसते, उलट मात्र होत नाही. शिमानोची ११ स्पीडची बॉडी जुन्या बॉडीपेक्षा १.८५ मिलिमीटरने लांब आहे; १० स्पीडची कॅसेट लावायची तर मागे तेवढी चकती घालायची. रोडच्या १२ स्पीडच्या शिमानो कॅसेट याच ११ स्पीडच्या बॉडीवर बसतात, त्यामुळे पुढे गिअर बदलले तरी चाक वाया जात नाही. स्रॅमच्या एएक्सएसमध्ये सगळ्यांत छोटा कॉग १० दातांचा असेल तर एक्सडीआर बॉडी लागते. हे सगळं दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.

समजा बजेट तीस हजारांच्या आतबाहेर आहे. सगळ्यांत स्वस्तात शिमानोची आरएस-१०० रिमब्रेकसाठी आणि आरएस-१७१ डिस्कसाठी आहेत. दोन्ही जड, दोन्ही दमदार. सायकलीवर आलेली चाकं तितक्याच वजनाची असतील तर हा पैसा फुकट जाईल, हेही सांगितलं पाहिजे. रिम झिजलीय, हब खडखडतंय किंवा पावसाळ्यासाठी दुसरी जोडी हवीय, तर मात्र त्यांच्यासारखी निवड नाही. ज्यांची सायकल कार्बनच्या चाकांसह आली असेल त्यांनीही अशी जोडी घ्यावी, जून ते सप्टेंबर तीच चालवावी. शिमानोच्या या जोड्यांच्या वरच्या पायरीवर फुल्क्रम रेसिंग ३, झोंडा, डीटी स्विसच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जोड्या येतात, साधारण १५५० ते १७५० ग्रॅमच्या. इथून पुढे आणखी शंभर ग्रॅमसाठी जो पैसा मोजावा लागतो तो मला पटत नाही.

पण माझी पहिली पसंती हाताने बांधून घेतलेल्या चाकांना आहे. शिमानो १०५ किंवा डीटी ३५० हब, डीटी किंवा तशाच चांगल्या कंपनीची ट्यूबलेस रिम, २८ बटेड तारा, पितळेची निपल. वजन १७०० च्या आसपास राहतं, प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि पाच वर्षांनी रिम गेली तर त्याच हबवर नवी रिम चढते. अट एकच: बांधणारा माणूस ताण मोजायचं मीटर वापरणारा हवा. पुणे, मुंबई, नाशिकमध्ये असे मेकॅनिक सापडतात. "मी कानानेच ओळखतो" म्हणणाऱ्याला कदाचित येतही असेल. तरी मीटर लावून दाखवायला सांगा. डिस्कब्रेकच्या चाकात डिस्कच्या बाजूच्या तारा एकमेकींना छेदणाऱ्याच हव्यात, सरळ किरणांसारख्या लावलेल्या असतील तर चाक परत करा. ब्रेकचा पीळ त्या तारांनाच झेलायचा असतो.

दोन किरकोळ सूचना. कंपनीने सांगितलेलं वजन बहुधा टेप, व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्सल सोडून असतं. दुकानातल्या काट्यावर ठेवलं तर पन्नास-साठ ग्रॅम वाढतात, त्यावरून भांडू नका. आणि चाकाची वजनमर्यादा बघताना ती फक्त स्वाराची आहे की सायकल-सामानासकट आहे, हे वाचा. अनेक कंपन्या सामानासकट सांगतात.

नवी चाकं बसवली की तारा हळूहळू आपली जागा घेतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर थोडा आउट येतोच. तेव्हा ती बांधणाऱ्याकडे परत न्या, ताण पुन्हा तपासून घ्या. चांगला मेकॅनिक त्याचे पैसे घेत नाही. घेतले तरी द्या.